देवळाचे लाकूड आणि घरची करवत गिरणी

(मंडपाच्या लाकूडकामाचा निर्णय होण्यापूर्वी जीर्णोद्धार समिती व मुंबईकर मंडळ यांच्या लालबाग येथील संयुक्त सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने मंदिराचा पाया भरला, जांभ्याचा चौथरा उभा राहिला, आणि आता काम येऊन थांबले आहे ते लाकडावर. सभामंडपाचे खांब, तुळया, आढे, वासे व रिपा यांचे लाकूड आणायचे कोठून आणि ते चिरायचे कोठे, या एका प्रश्नावर गेल्या दोन सभा गाजल्या. गावच्या तरुणांचे म्हणणे असे, की फिरती बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत विकत घ्यावी. झाड पडेल तेथेच ओंडका चिरता येईल, आणि देवळाचे काम संपल्यावर तीच गिरणी गावात घरोघरी उपयोगी पडेल. परळ-लालबाग भागात वेल्डिंगची कामे करणारी मुले म्हणतात, विकत कशाला, सांगाडा आपणच बांधू. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, ओंडके तालुक्याच्या परवानाधारक गिरणीत न्यावेत. आणि गिरगावकर मंडळी म्हणतात, पाडलेल्या चाळींतला जुना साग घ्यावा. चारही म्हणण्यांत देवाचे काम चांगले व्हावे एवढाच हेतू आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु या चर्चेत एक गोष्ट मागे पडता कामा नये. वाडीतील एका आजींनी दारचा फणस देवाला दिला आहे. त्या झाडाच्या उत्पन्नावर त्यांनी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला. असे झाड एकदाच पडते. चिरताना चुकले तर दुसरे मिळणार नाही, आणि कागदात चुकले तर देवाचे लाकूड वनखात्याच्या आवारात जप्तीत पडून कुजेल. म्हणून यंत्राचा विचार त्या झाडापासून सुरू करणे इष्ट होय.

मुंबईला लाकडाचे वेड नवे नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ट्रिंकोमाली हे जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. ते लाकूड मलबारचा साग होते. पुढे ब्रह्मदेशाचा साग आला. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा व ब्रह्मी दरबाराचा सागावरूनच तंटा झाला. तो तंटा १८८५ च्या युद्धाला निमित्त झाला, आणि थिबा राजाला कैदी म्हणून रत्नागिरीत आणून ठेवले. तेथेच १९१६ साली तो वारला. कोकणातील माणसाला थिबा राजवाडा ठाऊक असतो. पण त्या राजाचे राज्य गेले त्या कारणांत एक लाकूडही होते, हे सहसा सांगितले जात नाही.

गिरगाव, लालबाग, परळ येथील पुष्कळ जुन्या चाळी सागाच्याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या. रे रोड, दारूखाना, लाकडी बंदर या भागात लाकडाच्या वखारी वाढल्या, आणि शिवडीचे टिंबर पॉण्ड हे ठिकाण तर नावानेच आपली हकीकत सांगते. लोअर परळचा रेल्वे कारखाना आणि १९१५ साली सुरू झालेला माटुंग्याचा कारखाना यांत लाकडी डब्यांची कामे होत. १९५५ साली पेरांबूरच्या कारखान्यात सबंध पोलादी डबे तयार होऊ लागले, आणि हळूहळू सुताराचे ते काम आटले. सांगण्याचे तात्पर्य, बँडसॉ ही गिरणगावाला अनोळखी वस्तू नव्हे. नवी आहे ती तिला चाके लावून परसात नेण्याची कल्पना.

आता हे यंत्र आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. दोन चाकांवर दातेरी पोलादी पट्टा ताणून बसवलेला असतो. चाके फिरली की पट्टा अखंड एकाच दिशेने धावतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडात विल्यम न्यूबेरी याने याचे पेटंट घेतले, परंतु पट्टा सांध्यावर तुटे, म्हणून यंत्र चालेना. १८४६ साली फ्रान्समधील क्रेपां नावाच्या बाईंनी पट्ट्याची टोके पक्की जोडण्याची रीत काढली, तेव्हा कोठे ही करवत कामाला लागली. म्हणजे चाके व सांगाडा हा या यंत्राचा सोपा भाग. कठीण भाग तो पट्टा. स्वतः यंत्र बांधू इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोठ्या गिरणीत करवत उभी व जागेवर स्थिर असते, आणि ओंडका गाडीवरून तिच्याकडे सरकतो. फिरत्या गिरणीत उलटे असते. ओंडका जमिनीलगत स्थिर, आणि आडवी करवत रुळांवरून त्याच्यावर सरकत जाते. म्हणून यंत्र हलके होते व झाडाजवळ नेता येते. १९८२ साली, म्हणजे ज्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला त्याच वर्षी, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे वुड-मायझर या कंपनीने अशी यंत्रे बनवण्यास आरंभ केला. घरच्या रानातील चार झाडे चिरू इच्छिणारा शेतकरी हा त्यांचा गिऱ्हाईक. पुढे इतर कंपन्या आल्या, आणि भारतातही अशी यंत्रे मिळू लागली.

या यंत्राची तारीफ करताना सर्वांत आधी सांगतात ती बचत. करवत जेवढी जाड, तेवढे लाकूड भुसा होऊन जाते. हिशेब करून पाहावा. पातळ टोकाकडे ५४ इंच घेराचा सरळ ओंडका घेतला, तर त्यातून १२ इंच चौकोनी जोड निघतो. बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, आणि फळी २५ मिलिमीटर जाडीची धरू. साखळीच्या करवतीने चिरले तर चीर सुमारे ८ मिलिमीटरची जाते, आणि फळ्या निघतात ९. गोल पात्याची चीर ६ मिलिमीटर धरली तर १० निघतात. फिरत्या बँडसॉची चीर सुमारे २ मिलिमीटर, म्हणून ११ निघतात. नऊ आणि अकरा यांत दोन फळ्यांचा फरक. दरवाजाची एक झडप त्यात निघते.

हा हिशेब खरा आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. वखारीतल्या गिरणीत गोल पातेच असते असे नाही. पुष्कळ ठिकाणी उभी बँडसॉच असते. तिची चीर ३ मिलिमीटर धरली तरी ३०५ मिलिमीटरांत अकरा फळ्या काठोकाठ बसतात. तेव्हा केवळ भुसा वाचतो म्हणून नवे यंत्र घेण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गिरणीत बँडसॉ असेल तर तो फायदा तेथेही मिळतो. फिरत्या यंत्राचा खरा फायदा एकच, तो म्हणजे ओंडका गिरणीपर्यंत न नेता गिरणी ओंडक्यापर्यंत नेता येते. जेथे रस्ता नाही तेथे हा फायदा मोठा. आपल्या वाडीपर्यंत आता टेम्पो येतो.

ओंडक्याच्या मापाविषयीही दोन शब्द. व्यापारात घेराचा चौथा भाग इंचांत काढतात, त्याचा वर्ग करतात, लांबीच्या फुटांनी गुणतात व १४४ ने भागतात. वरील ओंडका १२ फूट लांब असला तर या रीतीने १५ घनफुटांच्या किंचित वर भरतो. प्रत्यक्षात त्याचे लाकूड १९ घनफुटांच्या पुढे असते. मधला फरक साल, पाठफळ्या व तुकडे यांसाठी सोडलेला असतो. ही रीत ठाऊक नसलेला माणूस गिरणीत गेला की आपल्याला फसवले असे त्याला वाटते, आणि नसता वाद होतो. समितीच्या माणसाने टेप व वही घेऊन स्वतः माप लिहावे, म्हणजे देणगीदारांनाही चोख हिशेब देता येईल.

इतके असूनही ज्याला घरी असे यंत्र घ्यायचेच असेल, त्याने काय पाहावे? पहिले, ओंडक्याची जाडी. घरगुती यंत्रांत साधारण २६ ते २८ इंच व्यासापर्यंतचा ओंडका बसतो. जुना आंबा याहून जाड असू शकतो. दुसरे, लांबी. रूळ तुकड्यांत येतात. मंडपाची तुळई १८ फुटांची असेल तर रुळाचा जादा तुकडा लागेल. रूळ पाणसळीने तंतोतंत सम बसले नाहीत, तर फळी एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ निघते, आणि पावसाने भिजलेल्या जमिनीवर रूळ खचतात. तिसरे, शक्ती. दहा-पंधरा अश्वशक्तीचे इंजिन लागते. विजेवर चालवायचे तर थ्री फेज जोडणी हवी, आणि ती घराघरात नसते. चौथे, ओंडका चढवणे. वर सांगितलेला ओला ओंडका चार-पाचशे किलो सहज भरतो. पहारी, दोर व उतरत्या फळ्या यांची सोय नसेल तर माणसाच्या पायावर ओंडका येण्यास वेळ लागत नाही.

पाचवे व मुख्य, पट्टे. पट्टा तासा-दोन तासांत बोथट होतो, आणि सालीत माती असली तर त्याहून लवकर. झाड ओढत आणले की सालीत माती भरते, म्हणून साल आधी सोलावी किंवा धुवावी. पट्ट्यावर पाण्याची धार सोडावी, म्हणजे चीक चिकटत नाही व पट्टा तापत नाही. फणसाला चीक किती, हे कोकणी माणसाला सांगायला नको. बोथट पट्टा लाटेसारखा वर-खाली चालतो आणि फळी नागमोडी होते. पट्ट्याला धार लावणारा व तुटलेला सांधा जोडणारा माणूस जवळ नसेल, तर उत्तम यंत्रही पडवीत पडून राहते.

स्वतः बांधू म्हणणाऱ्या मुलांचे कौतुकच आहे. सांगाडा ती बांधतील यात शंका नाही. पण दोन्ही चाके एका पातळीत नसली तर पट्टा चाकावरून उतरतो, आणि ताणलेला पट्टा तुटला तर तो चाबकासारखा उडतो. चाकांवर पोलादी झाकण, पट्ट्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही हा नियम, आणि हाताशी इंजिन बंद करण्याचा खटका, या तीन गोष्टींवाचून असे यंत्र सुरू करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. देवाच्या कामात कोणाची बोटे जाऊ नयेत.

गिरगावच्या जुन्या सागाबद्दल. चाळी पाडल्या जातात तेव्हा सागाच्या तुळया विकल्या जातात. हे लाकूड पुरते वाळलेले असते, म्हणून पीळ खात नाही. हा त्याचा फार मोठा गुण. दोष एकच, खिळे. शंभर वर्षांत तुळईत खिळे, खुंट्या, विजेच्या पट्ट्यांचे स्क्रू असे बरेच काही ठोकलेले असते. डोके तुटून आत राहिलेला एक खिळा अख्खा पट्टा वाया घालवतो. म्हणून अशी तुळई आधी घासून, काळे डाग पाहून व धातुशोधक फिरवून तपासावी लागते. वखारवाल्याचा अनुभवी माणूस डागावरून खिळा ओळखतो. नवशिक्याला ते जमणार नाही. जुना साग घ्यायचा झाल्यास तो मुंबईतच परवानाधारक गिरणीत मापाप्रमाणे चिरून घ्यावा, खरेदीची पावती जपावी, आणि गावी नेण्यापूर्वी वाहतूक परवान्याची चौकशी वनखात्याकडे करावी. पावतीवाचून गाडी सुटता कामा नये.

आता कायद्याची बाजू. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन यांच्या प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला, आणि तेव्हापासून देशातील आरागिरण्यांवर कडक नजर आली. ऑक्टोबर २००२ मध्ये विनापरवाना गिरण्यांविरुद्ध आणखी आदेश झाले. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्रशक्तीवर गोल लाकूड चिरणे ही बाब परवान्याच्या कक्षेत येते. गिरणीला चाके आहेत किंवा ती घरच्यापुरती आहे, एवढ्याने सुटका होईल असे कोणी समजू नये. जंगलाच्या हद्दीपासूनचे अंतरही पाहिले जाते, आणि आपल्या गावाच्या डोक्यावरच जंगल आहे. यंत्र आधी आणले व परवान्याचा अर्ज मागाहून केला, तर देणगीचा पैसा यंत्रात अडकेल आणि यंत्र कुलपात. ज्यांना पुढेमागे गावासाठी गिरणी हवी आहे, त्यांनी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणा करावी व लेखी उत्तर घ्यावे. तोंडी होकारावर एक रुपयाही खर्च करू नये.

झाडाची परवानगी ही आणखी वेगळी गोष्ट. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर यांच्याबरोबर आंबा, जांभूळ आणि फणस हेही आहेत. झाड आपल्या परसातले असले तरी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायचे तर त्याचे कागद बरोबर असावे लागतात. अर्जासोबत सातबारा लागतो, आणि सातबारावर जेवढी नावे तेवढ्यांची संमती लागते.

खरी अडचण येथेच आहे. आजींनी फणस दिला, पण त्या जमिनीच्या सातबारावर एकट्या आजींचे नाव नाही. दिरांची नावे आहेत, वारलेल्या दिरांच्या मुलांची आहेत, लग्न होऊन गेलेल्या लेकींची आहेत. त्यांतील कोणी परळला, कोणी दादरला, कोणी गिरगावात राहतात. काहींनी मंदिरासाठी देणगीची पावतीही फाडली आहे. परंतु संमतीपत्रावर सही करायची म्हटली की, वाटण्या झाल्या नाहीत, आज झाड दिले तर उद्या जागा जाईल, अशी शंका मनात येते. ही शंका रास्त नाही असे कोणी म्हणू नये. कोकणात सामाईक जमिनीची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणून संमतीपत्र लिहिताना, ही संमती अमुक गट नंबरातील एका फणसाच्या झाडापुरती आहे व जमिनीच्या हक्काशी तिचा संबंध नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. वाचून दाखवावे, दोन साक्षीदार घ्यावेत, आणि एक प्रत प्रत्येकाला द्यावी. एवढे केले तर भीतीला जागा राहत नाही.

सारांश, देवळाच्या लाकूडकामात उणीव यंत्राची नाही. दोन गोष्टींची आहे, सह्यांची आणि वेळेची.

वेळेची अशी, की चिरलेले लाकूड लगेच बसवता येत नाही. ओली फळी बसवली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती पीळ खाते, सांधे उघडतात, आणि मग दोष सुताराला. इंची फळीला निदान एक पुरता कोरडा हंगाम द्यावा. जाड तुळईला त्याहून पुष्कळ अधिक. दिवाळीनंतर झाड पाडावे, लवकर चिरावे, टोकांना रंग किंवा मेण लावावे म्हणजे ती उलत नाहीत. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, प्रत्येक थरामध्ये सारख्या अंतरावर रिपा घालून, वर छप्पर करून पण बाजू मोकळ्या ठेवून थप्पी रचावी. मिस्त्रींना ही रीत चांगली ठाऊक आहे. त्यांना फक्त उद्घाटनाच्या तारखेची घाई करू नये.

समितीपुढे सूचना येणेप्रमाणे. एक, यंत्र घेऊ नये व बांधूही नये. ती रक्कम लाकूड वाळवण्याच्या मांडवावर व सुतारांच्या मजुरीवर खर्च करावी. दोन, फणस व अन्य दिलेली झाडे रीतसर परवानगीने पाडून तालुक्याच्या परवानाधारक गिरणीत, समितीच्या माणसासमोर चिरून घ्यावीत. तीन, मोठ्या तुळयांसाठी मात्र वाळलेला जुना सागच मुंबईत घ्यावा. चार, फणसाचे लाकूड गाभाऱ्याच्या दरवाजासाठी राखून ठेवावे. फणसाचे पिवळे लाकूड वर्षे जातील तसे तांबूस होत जाते. आजींच्या नातवंडांना तो दरवाजा बोट दाखवून सांगता येईल.

आणि शेवटी मुंबईकर मंडळींना एक विनंती. आपण पैसा दिलात, अंगमेहनत देता, गणपती-शिमग्याला न चुकता येता. या वेळी आणखी एक दान हवे आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. संमतीपत्राच्या प्रती सभेच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांची नावे त्या सातबारावर आहेत, त्यांनी ते पत्र नीट वाचावे, शंका असेल ती येथेच विचारावी, आणि मनाचे समाधान झाल्यावरच सही करावी. सर्वांच्या सह्या झाल्या तर दिवाळीनंतर फणस पडेल, आणि पुढच्या एका कोरड्या हंगामानंतर देवाच्या दाराला झडपा लागतील.

ग्रामदेवता सर्वांचे कल्याण करो.